प्रशिक्षणाची गरज कोणी ठरवावी?

मोठ्या कारखान्यांत आणि कचेऱ्यांत वर्षातून एकदा एक तक्ता फिरतो. कोणत्या कामगाराला कोणत्या शिक्षणाची गरज आहे हे त्याच्या वरिष्ठाने त्यात भरायचे आणि त्यावरून व्यवस्थापनाने पुढील वर्षाचे वर्ग आखायचे, अशी ही रीत. कामगार चळवळीने या तक्त्याकडे फारसे लक्ष दिलेले नाही. पगार, बोनस आणि बडतर्फी या प्रश्नांपुढे तो किरकोळ वाटतो. तो किरकोळ नाही, याचा दाखला भोपाळने दिला आहे.

२ डिसेंबर १९८४ च्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यात मिथिल आयसोसायनेटच्या टाकीत पाणी शिरले, विषारी वायू शहरावर पसरला आणि हजारो माणसे प्राणास मुकली. हे संकट अवचित कोसळलेले नव्हते. १९८१ च्या डिसेंबरात त्याच कारखान्यात फॉस्जीन वायूने एका कामगाराचा बळी घेतला होता. १९८२ मध्ये खुद्द अमेरिकन कंपनीच्या तपासनिसांनी अनेक उणिवा नोंदवल्या. यंत्रे चालवणारी माणसे वरचेवर बदलत आहेत, ही त्यांतलीच एक. म्हणजे नव्या माणसांना कसून शिकवण्याची गरज कागदावर आली होती. घडले ते उलट. काटकसरीच्या नावाखाली प्रशिक्षणाचा काळ आखडला, त्या विभागातील पाळीची माणसे १२ वरून ६ वर आली आणि रात्रपाळीच्या देखभाल-पर्यवेक्षकाची जागाच रद्द झाली. कामाच्या पुस्तिका इंग्रजीत होत्या. अनेक कामगारांना ती भाषा पुरती उमगत नव्हती. दुर्घटनेनंतर मात्र कंपनीने बोट दाखवले ते एका असंतुष्ट कामगाराच्या कथित घातपाताकडे!

त्या रात्री टाकी थंड ठेवणारी यंत्रणा बंद होती आणि वायू जाळणाऱ्या मनोऱ्याची नळी काढून ठेवलेली होती. अशा ठिकाणी केवळ वर्ग भरवून काय साधले असते? म्हणून मूल्यमापनाचा पहिला प्रश्न असा असला पाहिजे की, उणीव कामगाराच्या ज्ञानात आहे, की यंत्रात, अपुऱ्या मनुष्यबळात आणि मालकाच्या धोरणात? मॅकगिही आणि थेयर या अमेरिकन अभ्यासकांनी १९६१ मध्येच संस्था, काम आणि व्यक्ती अशा तिन्ही अंगांनी ही तपासणी करावी असे मांडले होते. व्यवहारात पहिली दोन अंगे गळतात आणि उरते ती केवळ व्यक्ती, म्हणजे कामगाराचा दोष.

कामगाराला जे ठाऊकच नाही त्याची गरज तो कशी सांगणार, असा आक्षेप घेतला जातो. त्यात अर्धे सत्य आहे. नव्या रसायनाचे गुणधर्म तज्ज्ञानेच सांगावे लागतात. परंतु कोणता मापक खोटे आकडे दाखवतो, कोणती झडप गळते आणि कोणती सूचना पाळीवरच्या कोणालाच समजलेली नाही, हे यंत्रापाशी उभ्या असलेल्या माणसाइतके कोणाला कळते? भोपाळनंतर १९८७ च्या दुरुस्तीने कारखाना कायद्यात सुरक्षिततेचे प्रशिक्षण मिळण्याचा कामगाराचा हक्क आणि धोकादायक उद्योगांत कामगार व व्यवस्थापन यांच्या समान प्रतिनिधित्वाची सुरक्षा समिती, या दोन्ही गोष्टी आल्या, त्या याच जाणिवेतून. पुढे श्रमसंहिता आल्या, कायद्याची कलमे बदलली. कलम कोणतेही असो, त्यामागे संघटित मागणी नसेल तर ते कागदावरच राहते. आणि सर्वांत धोक्याचे काम ज्याच्या वाट्याला येते, त्या कंत्राटी कामगाराचे तर त्या तक्त्यात पुष्कळदा नावही नसते.

तेव्हा युनियनने विभागवार बैठका घेऊन गरजांची आपली यादी स्वतः तयार करावी आणि ती वाटाघाटीच्या टेबलावर ठेवावी. प्रशिक्षण कामाच्या वेळेत, भरपगारी आणि कामगाराच्या भाषेत असावे. कंत्राटी कामगार त्यात असलाच पाहिजे. आणि अज्ञानाची प्रामाणिक कबुली पुढे बदलीचे किंवा कपातीचे निमित्त होणार नाही, अशी लेखी हमी घ्यावी. ती नसेल तर कोणीही खरे बोलणार नाही. वेतनाचा करार घर चालवतो. हा करार माणूस पाळी संपवून घरी परततो की नाही, हे ठरवतो.