गाडी आमची, पैसा आमचा. मग तेल सरकारच्या मर्जीचे का?



पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे २०३० चे उद्दिष्ट सरकारने २०२५ वर ओढले आणि २०२५ सालीच गाठले. तुम्हाला विचारले कोणी? बिनमिसळीचे पेट्रोल निवडण्याची मुभा मागणारी याचिका झाली. १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती फेटाळली.

या मिसळीचा खर्च कोणाच्या माथी बसला? साक्षीला सरकारचाच कागद घेऊ : नीती आयोगाच्या समितीचा २०२१ चा अहवाल.

लिटरभर इथेनॉलची ताकद पेट्रोलपेक्षा तिसऱ्या हिश्शाने कमी. अहवाल सांगतो, जुन्या बनावटीच्या दुचाकीचे अ‍ॅव्हरेज ३ ते ४ टक्के घटेल, चारचाकीचे ६ ते ७ टक्के. म्हणून असे पेट्रोल स्वस्त विकावे, हेही त्यातच लिहिले आहे. झाले का स्वस्त? मापात मारणाऱ्या व्यापाऱ्यावर खटला होतो. ताकदीत मारणाऱ्या सरकारवर कोणी करायचा? वर इथेनॉल हवेतले पाणी ओढते, जुन्या गाडीचे रबर खराब करते.

दुसरे, पाणी. उसापासून एक लिटर इथेनॉल म्हणजे २८६० लिटर पाणी, हा आकडाही त्याच अहवालातला. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणून लातूर जगवावे लागले, हे विसरायचे? आपली ज्वारी, कपाशी पावसावर. पाटाचे पाणी मात्र गाडीच्या टाकीत!

तिसरा घाव सर्वांत खोल. जानेवारी २०२५ मध्ये सरकारने गोदामातला तांदूळ इथेनॉलवाल्यांसाठी २२५० रुपये क्विंटलवर आणला. त्यातून उरलेला चोथा पशुखाद्यात, कोंबडीखाद्यात पेंडीची जागा घेतो. पेंड पडली की सोयाबीन पडते, सरकी पडते. सरकी पडली की कापूस पडतो. २०२४-२५ मध्ये सोयाबीन ४८९२ च्या हमीभावाखाली विकले गेले, ते तुम्ही भोगले आहे.

ऊसवाल्या भावाशी आपले भांडण नाही. साखर महागेल म्हणून ७ डिसेंबर २०२३ रोजी उसाच्या रसाचे इथेनॉल याच सरकारने अडवले होते. मर्जी फिरली की तोही आपल्याच रांगेत.

जिल्हा मेळाव्यात ठराव मांडा : पंपावर बिनमिसळीचे पेट्रोल मिळालेच पाहिजे. मिसळीचा भाव ताकदीप्रमाणे उतरलाच पाहिजे. सरकारी धान्य पडेल भावाने भट्टीत ओतणे बंद झालेच पाहिजे.

इथेनॉल ज्याला हवे त्याने खुशाल घ्यावे. कोरडवाहूच्या खिशातून नको!