पंधरा वर्षांची मुदत

ऐन दिवाळीच्या फराळात मक्याचा विषय कशाला, असे कोणी म्हणेल. पण 'मुक्त व्यापार' हे शब्द हल्ली रोज कानांवर येतात, आणि मराठीच्या मास्तराला विशेषण दिसले की त्याचे विशेष्य शोधायची खोड असते. मुक्त झाले ते कोण? मेक्सिकोची हकीकत वाचताना मी हाच प्रश्न धरून बसलो होतो.

मका मूळचा तिथलाच. आपल्याकडे भाकरी, तशी त्यांची 'तोर्तिया'. मका चुन्याच्या पाण्यात शिजवायचा, धुऊन वाटायचा आणि तव्यावर भाजायचा. लहान शेतकरी दोनचार एकरांत मका, घेवडा नि भोपळा एकत्रच लावतो. घरापुरते ठेवून उरेल ते बाजारात.

१ जानेवारी १९९४ रोजी मेक्सिको, अमेरिका व कॅनडा यांचा मुक्त व्यापार करार अमलात आला. अमेरिकेतला मका यंत्राने पिकतो, वर सरकारचे अनुदान. त्याच्यापुढे हा शेतकरी टिकायचा नाही, हे करार करणारे जाणून होते. म्हणून १५ वर्षांची मुदत ठेवली. पहिल्या वर्षी २५ लाख टन मका जकातीशिवाय. त्यापलीकडे २१५ टक्के जकात, ती उतरत उतरत २००८ साली शून्य. तोवर शेतकऱ्याने सावरावे. कागदावर योजना शहाणपणाची होती.

पण कोट्याबाहेरचा मका येऊ लागला, आणि त्यावरची जकात खुद्द मेक्सिकोच्या सरकारनेच घेतली नाही! धान्य स्वस्त तर महागाई आटोक्यात, हा हिशेब. परक्याने नव्हे, घरच्यांनीच कुंपण काढले, हे मला फार टोचते. हमीभावाने मका घेणारी 'कोनासुपो' ही सरकारी संस्थाही १९९९ साली गुंडाळली.

'तोर्तिया तरी स्वस्त झाली ना?' गृहिणी विचारतील. रास्त प्रश्न आहे. नाही झाली. तिच्यावरचे सरकारी साहाय्य त्याच १९९९ साली संपले. शिवाय आलेला मका बहुतेक पिवळा, जनावरांच्या खाद्याचा. तोर्तियाला लागतो पांढरा. २००७ च्या जानेवारीत महाग तोर्तियापायी मेक्सिको शहरात हजारो लोक रस्त्यावर उतरले.

भाव पडला की पेरा घटतो, असे अर्थशास्त्र सांगते. घरच्या तव्यासाठी पेरणाऱ्याने ते वाचलेले नसावे. त्याने पेरणे सोडले नाही. तरुण मुले मात्र उत्तरेची सरहद्द ओलांडू लागली, आणि त्यांनी धाडलेल्या डॉलरांवर मागे राहिलेली घरे चालू लागली. २०२० साली त्या कराराची जागा दुसऱ्याने घेतली. अमेरिकेचा मका आजही जकातीशिवायच येतो.