जोखीम मालकाची, भुर्दंड श्रमिकाला

दूरध्वनीवरून सहली विकणारा प्रतिनिधी दिवसभर बोलतो. पण सौदा पटला तरच त्याच्या श्रमाला मोल! २५ मार्च २०२० रोजी देशांतर्गत प्रवासी विमाने थांबली. कमिशन आटले, घरभाडे मात्र थांबले नाही. धंद्याची जोखीम श्रमिकाच्या माथी मारण्याचीच ही रीत होय. २०१९ची वेतन संहिता कमिशनला वेतनाच्या व्याख्येबाहेर ठेवते. वगळलेल्या रकमा एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून अधिक झाल्या, तरच वरचा भाग वेतनात धरते. परिणामी ग्रॅच्युइटीचा हिशोब तुटपुंज्या रकमेवर होतो. कामाच्या प्रत्येक तासाला निश्चित वेतन आणि कमिशन त्याउपर, ही मागणी घेऊन कामगार संघटनांनी या विखुरलेल्या 'एक्झिक्युटिव्हां'पर्यंत पोहोचलेच पाहिजे. पदनाम बदलल्याने वर्ग बदलत नसतो.