आधी खराटा घे!
भातकापणी उरकली की किन्हवलीच्या आसपास संध्याकाळी कबड्डीची मैदानं जागी होतात, हे तुम्हांला मी दरवर्षी सांगतो आणि तुम्ही दरवर्षी सोसता. या आठवड्यात आमच्या कबड्डी मंडळाकडे एक नवा पोरगा आला. टीव्हीवरच्या सामन्यांतून शिकलेला, पायांत चकचकीत बूट. त्याला वाटलं, आल्याआल्या चढाई मिळेल. मंडळाच्या दादांनी हातात खराटा दिला. "बूट काढ, आधी धसकटं वेच, मग झाड." तेरा बाय दहा मीटर म्हणजे किती, ते बिचाऱ्याला कंबर वाकवल्यावर कळलं! मग पाणी शिंपडलं, फक्की मारली, आणि झाडता झाडताच निदान रेषा कुठली नि बोनस रेषा कुठली हे त्याच्या तळपायांना पाठ झालं. तिकडे कॅनडात म्हणे बर्फावर केरसुणीसारखी काठी घेऊन चेंडू हाणायचा खेळ आहे, ब्रूमबॉल. स्केट्स नाहीत, साधे बूट. आपल्याकडे केरसुणी खेळाच्या आधी येते, एवढाच फरक. माझं मत विचाराल तर (विचारत नाही कुणी) नवख्याला पहिला महिनाभर मॅट दाखवूच नये. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने 1936 साली बर्लिनला कबड्डी दाखवली, ती मातीत घडलेल्या पोरांच्या जोरावर. शेवटी परवा त्याला चढाई मिळाली. तीस सेकंदांपैकी दहाव्यालाच दम तुटला, सात जणांनी उचलून अलगद खाली ठेवला. काल तो पुन्हा आला होता, सगळ्यांच्या आधी, अनवाणी. खराटा मात्र घरून आणला होता, लांब दांड्याचा.