गल्ल्यावर बसल्यावरची धाकधूक



या आठवड्याच्या व्हिडिओत ‘इम्पोस्टर सिंड्रोम’ हा शब्द मी चार-पाच वेळा वापरला. तिथे वेळ कमी पडला, म्हणून इथे जरा सविस्तर लिहिते. माझं मत आधीच सांगून टाकते: धंद्यात हा शब्द फार सैल वापरला जातोय, आणि त्यात आपल्यासारख्या छोट्या दुकानदारांचं नुकसान होतंय.

शटर ओढताना कधीतरी वाटतंच, की आपण यातले नाहीच. सगळे मालक म्हणतात, मॅडम म्हणतात, पण एक दिवस कुणाच्या तरी लक्षात येणार की हिला काही येत नाही. मग मोबाईलवर शोधायचं. सिंड्रोम सापडतो, त्याच्या खाली कॉन्फिडन्स वाढवायचा कोर्सही सापडतो. पैसे भरायचे आणि आरशासमोर उभं राहून ‘मी लीडर आहे’ म्हणायचं. मी स्वतः ट्रेनिंग घेते, त्यामुळे हे बोलणं म्हणजे माझ्याच पोटावर पाय आहे. पण आरशाने उधारी वसूल होत नाही.

मुळात पॉलिन क्लान्स आणि सुझान इम्स या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९७८ मध्ये यावर लेख लिहिला. शिक्षणात, कामात चांगलं यश मिळवलेल्या बायकांशी त्या बोलल्या होत्या. हातात यश असूनही ‘आपण लोकांना फसवतोय’ असं या बायकांना वाटायचं. लेखात शब्द होता ‘फिनॉमिनन’. ‘सिंड्रोम’ नंतर चिकटला, आणि तेव्हापासून तो आजारासारखा ऐकू यायला लागला. डॉक्टर निदानासाठी जी मानसिक विकारांची यादी वापरतात, तिच्यात तो नाही. आणि एक बारीक गोष्ट बघा: त्या बायकांना काम येत होतं. येत असूनही वाटत नव्हतं. आपल्याकडे बऱ्याचदा येतच नसतं, आणि आपण त्याला सिंड्रोम म्हणून मोकळे होतो.

न येण्यात लाज काय? १ जुलै २०१७ आठवा. जीएसटी आला आणि चाळीस-चाळीस वर्षं गल्ल्यावर बसलेले काका एका रात्रीत शिकाऊ झाले. एचएसएन कोड काय, इनपुट क्रेडिट काय, सगळा बाजार एकमेकांना विचारत होता. तेव्हा कुणी म्हटलं नाही की मला इम्पोस्टर वाटतंय. सीएकडे गेले, शिकले, पुढे गेले. माझ्या बीबीएत बॅलन्सशीट होती, ब्रेक-इव्हन होता, पण पार्टीने ३० दिवसांचं क्रेडिट अचानक १५ दिवसांवर आणलं तर काय करायचं, याचा धडा नव्हता. तो बाजारातच शिकावा लागतो. तेव्हा स्टॉक वाचता येत नाही, मार्जिन काढता येत नाही म्हणून धास्ती वाटत असेल, तर ती धास्ती खरं बोलतेय. तिचं ऐका. सीएच्या ऑफिसात दोन तास मागून घ्या, फी द्या, आणि स्वतःच्याच दुकानाचे आकडे समजून घ्या.

खरा घोटाळा वेगळाच आहे. ही धाकधूक मनात राहत नाही हो, ती गल्ल्यात उतरते. गिऱ्हाईक म्हणतं, “जरा बघा ना ताई.” तुम्हाला आतून वाटतं की आपला भाव सांगायचा आपल्याला हक्कच नाही, आणि पाच टक्के सोडून देता. माझं भांड्यांचं दुकान, म्हणून कुकरचंच उदाहरण घेते. जीएसटी बाजूला ठेवू. विक्री २,००० रुपये, खरेदी १,६००. नफा ४००. पाच टक्के सोडले म्हणजे १०० गेले, नफा उरला ३००. गिऱ्हाइकाला वाटतं पाच टक्के सुटले. तुमचा नफा गेला २५ टक्के. दहा कुकरमध्ये जे मिळायचं त्यासाठी आता तेरा-चौदा विकायचे. भाडं तेवढंच, पगार तेवढेच. दिवाळीच्या आधी सेल्समन येतो, “मॅडम, एवढ्या दुकानाला एवढीच ऑर्डर?” म्हणतो, आणि आपण छोटे दिसू नये म्हणून दोन पेट्या जास्त लिहितो. मार्चमध्ये त्या पेट्या माळ्यावर असतात. हाताखालच्या मुलाला काम सोपवत नाही, कारण तो आपल्यापेक्षा चांगलं करेल ही भीती. या सगळ्याला मी धाकधुकीचं बिल म्हणते, आणि ते दर महिन्याला फाटतं.

आता तिसरी गोष्ट. माझ्या मते सगळ्यात मोठी, आणि तिच्यावर कुणी बोलत नाही.

काउंटरवर बाई दिसली की माल घेऊन आलेला माणूस विचारतो, “सर कधी येतील?” मला आजही विचारतात. वडिलांच्या दुकानात बसलेल्या मुलाचं तेच. भाव त्याने सांगायचा आणि गिऱ्हाईक मागे वळून म्हणणार, “अण्णा, फायनल किती?” अण्णाही पन्नास रुपये कमी करून मोकळे. वीस वर्षं दुकानात असलेले काका सगळ्यांसमोर ‘बाळ’ म्हणतात. इथे तुमच्या डोक्यात काय बिघाड आहे? काहीच नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूमध्ये रुचिका तुलशान आणि जोडी-ॲन ब्युरे यांनी हेच मांडलं होतं: बायकांना सिंड्रोम आहे म्हणून सांगणं थांबवा, त्या जिथे काम करतात ती जागा दुरुस्त करा. त्यांचा लेख तिकडच्या ऑफिसांबद्दल होता, पण आपल्या काउंटरला तंतोतंत लागू पडतो.

ट्रेनिंगला येणाऱ्या कितीतरी सुना मला म्हणतात, “मालक असल्यासारखं वाटतच नाही.” मी विचारते, दुकान कुणाच्या नावावर? सासऱ्यांच्या. जीएसटी? सासऱ्यांचा. करंट अकाउंटवर सही? सासऱ्यांची. अहो, मग कागदावर तुम्ही मालक नाहीच! मन बरोबरच सांगतंय. इथे आत्मविश्वास वाढवून काय होणार? निदान जीएसटीवर आणि बँकेत अधिकृत सहीचा हक्क घ्या. घरात बोलणं होत असेल तर भागीदारी करा. मात्र त्यात पॅन बदलतो, म्हणून जीएसटी नंबर नवा घ्यावा लागतो, आणि जुन्या नंबरवर शिल्लक राहिलेलं क्रेडिट आयटीसी-०२ फॉर्म भरून पुढे न्यावं लागतं. सीएला आधी विचारा, मग सही करा.

अण्णांशी भांडू नका. दुकानाबाहेर, शांतपणे एवढंच ठरवा की भाव एकाच तोंडातून जाईल. गिऱ्हाईक त्यांच्याकडे वळलं की त्यांनी म्हणायचं, “तोच सांगेल.” पहिले पंधरा दिवस त्यांना जड जाईल, कारण आयुष्यभर ते दुकानच त्यांची ओळख होती. तेही समजून घ्यायला हवं. काकांना खरेदीची किंवा गोडाऊनची पूर्ण जबाबदारी द्या. ज्याच्याकडे स्वतःचा मान असतो तो दुसऱ्याला सहसा बाळ म्हणत नाही.

एवढं करूनही, आकडे चांगले असून, कागद नावावर असून, लोक विचारून चालत असूनही आत कुरतडत असेल, तर मात्र मूळ लेखातली गोष्ट ती हीच. त्यावर मी एक वही सुचवते. मोठा निर्णय घेतला की तारीख, निर्णय आणि तो का घेतला हे दोन ओळींत लिहायचं. तीन महिन्यांनी शेजारी निकाल लिहायचा. ‘नशीब होतं’ असं म्हणायची सवय असते ना, ती वही उघडली की जरा अडखळते, कारण कारण आधीच लिहिलेलं असतं. आणि झोपच उडाली असेल, दुकान उघडायचीच भीती वाटत असेल, तर वह्या-बिह्या राहू द्या. सरकारची टेली-मानस हेल्पलाइन आहे, १४४१६, फोन करा.

पुढच्या व्हिडिओत प्रोप्रायटरशिपची भागीदारी कशी करायची ते माझ्या सीएंना समोर बसवून विचारणार आहे. घरात हा विषय काढायचा असेल, तर अण्णांनाही सोबत घेऊन बघा.