हलकी ६०० एमएम लेन्स घ्यायची? आधी उजेडाचा हिशोब करा

निकॉनची डीएसएलआरसाठीची ६०० एमएम एफ/४ लेन्स सुमारे ३.८ किलोची. मिररलेससाठी २०२३ मध्ये आलेली झेड ६०० एमएम एफ/६.३ कॉलरसकट १.४७ किलो. कॅननची आरएफ ६०० एमएम एफ/११ (२०२०) तर फक्त ९३० ग्रॅम! एवढं वजन गेलं कुठे?

एक, बारीक वर्तुळाकार पायऱ्यांचं खास भिंग (निकॉनचं पीएफ, कॅननचं डीओ), त्यामुळे लेन्स आखूड आणि हलकी होते. दुसरं, लहान ॲपर्चर. खरी किंमत इथेच मोजावी लागते. एफ/४ च्या तुलनेत एफ/११ ला उजेड मिळतो एक अष्टमांश. उडत्या पक्ष्यासाठी १/२००० शटर ठेवलं, तर जिथे आयएसओ ८०० पुरायचा तिथे ६४०० लागतो. कॅननमध्ये ॲपर्चर बदलताही येत नाही. मिररलेस थेट सेन्सरवर फोकस करतो, म्हणून एफ/११ ला ऑटोफोकस चालतो. बहुतेक डीएसएलआर एफ/८ च्या पुढे हात टेकतात.

आता आपल्या भागाचं बोलू. भिगवणला भर उन्हात फ्लेमिंगो टिपायचे असतील तर एफ/११ मस्त. पण चाकणमध्ये पहिली शिफ्ट संपवून, नाशिक हायवेचं ट्रॅफिक पार करून हिवाळ्यात इंद्रायणीकाठी पोहोचेपर्यंत ऊन उतरलेलं असतं. तेव्हा एफ/६.३ जवळपास तिप्पट उजेड देते, पण खिशाला जड पडते.

म्हणून ईएमआय सुरू करण्याआधी एक शनिवार-रविवार लेन्स भाड्याने घ्या, आणि तुम्हाला खरंच सुट्टी मिळते त्याच वेळी वापरून बघा.