थकवा म्हणजे आळस नव्हे!

‘डॉक्टर, आजार काही नाही, मीच आळशी झालेय. एखादं टॉनिक द्या.’ तिशी-चाळिशीतल्या आया दवाखान्यात येऊन हे वाक्य हमखास बोलतात. पुरुष पेशंट ‘मला बरं वाटत नाही’ असं सांगतो. आई मात्र स्वतःवर आरोप ठेवूनच खुर्चीत बसते. या सवयीला माझा स्पष्ट विरोध आहे, कारण ‘आळस’ म्हटलं की तपासणी राहून जाते.

आधी रक्त तपासा, मग स्वभाव

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात १५ ते ४९ वयोगटातल्या १०० पैकी ५४ स्त्रियांना रक्तक्षय आहे. गर्भवती नसलेल्या स्त्रीचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली गेलं की त्याला रक्तक्षय म्हणतात. रक्तच कमी असेल तर स्नायूंना आणि मेंदूला प्राणवायू अपुरा पडतो. मग जिना चढताना धाप लागते, चिडचिड होते, दुपारी डोळे मिटतात. यात आळस कुठे आला?

आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. शरीरातला लोहाचा साठा आधी संपतो, हिमोग्लोबिन नंतर घसरतं. म्हणून ‘रिपोर्ट नॉर्मल’ असूनही थकवा खरा असू शकतो. महिनाभर थकवा टिकला तर डॉक्टरांना विचारून या तपासण्या करून घ्या:

- सीबीसी आणि फेरिटिन (लोहाचा साठा)
- टीएसएच (थायरॉइड)
- रक्तातली साखर
- व्हिटॅमिन बी-१२, विशेषतः शाकाहारी असाल तर

पाळीत जास्त रक्तस्राव, छातीत दुखणं, वजन घटणं किंवा दोन आठवड्यांहून अधिक टिकणारी उदासी असेल तर महिनाभर थांबू नका, लगेच दाखवा. लोहाच्या गोळ्या मनाने सुरू करू नका. डॉक्टरांनी दिल्या तर चहा-कॉफीबरोबर घेऊ नका, लोह नीट शोषलं जात नाही.

आणि सगळे रिपोर्ट खरंच चांगले आले तर?

तर कामाचे तास मोजा. केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटं देत होत्या, पुरुष ९७. तेही जे पुरुष घरकाम करतात त्यांचंच, आणि असे पुरुष १०० मध्ये जेमतेम २६! मुलांना सांभाळण्याचा वेळ यात धरलेलाच नाही. त्यावर नोकरी, लोकलचा प्रवास आणि रात्री तुटलेली झोप. इतकं करून एखाद्या दिवशी शरीर ‘आज नाही’ म्हणालं, तर ते शरीर ठणठणीत आहे असं समजा.

‘आमच्या आईने पाच मुलं वाढवली, कधी थकली नाही,’ असं म्हणणारे भेटतात. ती थकत नव्हती असं नाही, ती बोलत नव्हती. तिचं हिमोग्लोबिन तरी कोणी कधी तपासलं होतं? शिवाय तिच्या घरात सासू, जावा, नणंदा असे चार हात होते. तुमच्याकडे दोनच आहेत.

तेव्हा अशा दिवशी कुकरला मुगाची खिचडी लावा, डब्यात पोळी-शेंगदाणे-गूळ द्या, कपड्यांचा ढीग तसाच राहू द्या आणि झोपा. एका दिवसाच्या खिचडीने कोणत्याही मुलाचं पोषण बिघडत नाही. आई आजारी पडली तर मात्र सगळ्या घराचं बिघडतं. आणि या विश्रांतीबद्दल कोणाची माफी मागू नका.

घरच्यांनाही एक सांगणं आहे. तिला ‘जरा आराम कर’ एवढं म्हणून भागत नाही. ती झोपलेली असताना भांडी कोण घासणार, हे आधी ठरवा. उठल्यावर तिलाच घासायची असतील तर त्याला आराम म्हणत नाहीत.